निरगुडीची काठी

माझा राग नाकावर असतो. भोरला माहेरी हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न ठरलं तेव्हा आईने सासरच्यांना ते आधीच सांगून टाकलं, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको. लग्न होऊन भाटघरच्या पाण्याकाठच्या या गावात आले, आणि पहिल्याच वर्षी माझ्या रागाच्या तोडीस तोड माणूस भेटला. माझे चुलत सासरे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, मीही तात्याच म्हणते.

त्यांचं माझं एका गोष्टीवर कधी जमलं नाही. मी अंगणवाडीत कामाला लागले तर म्हणाले, आता घरचं सोडून गावची पोरं सांभाळा. मुलीला बारावीनंतर नर्सिंगला पुण्याला घातलं तर म्हणाले, पोरगी हातची गेली म्हणून समजा. ग्रामसभेत मी बोलायला उभी राहिले की हे टोपी सारखी करत दाराबाहेर बघणार. पण तोवर ते सगळं घरातलं होतं. सणावाराला पुरणपोळी इकडून तिकडे जायची. भांडण आणि पोळी एकाच दिवशी जायची कधी कधी.

खरं तुटलं ते पाच वर्षांपूर्वी, माझे मालक गेले त्या दिवशी. छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं. आम्हाला एकच मुलगी. मी सांगितलं, अग्नी तीच देणार. दारात प्रेत, भावकी जमलेली, आणि तात्या पुढे होऊन म्हणाले, "पोरीच्या हातनं आगीन न्हाई. दुसऱ्या पुतण्याचा पोरगा हाय, तो दील." मी म्हणाले, "बाप तिचा आहे. तुम्हाला बघवत नसेल तर येऊ नका." ते आले. ओढ्याकाठच्या स्मशानापर्यंत आले. तिथे त्यांनी एकदा विचारलं, "बदलायचं न्हाई न्हवं?" मी नाही म्हणाले, तशी त्यांनी पाठ फिरवली आणि आल्या वाटेने चालू लागले. ज्याला लहानपणी खांद्यावर बसवून पोहायला नेलं त्याच्या चितेकडे पाठ. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि मनात घट्ट बांधून ठेवलं.

त्या दिवसापासून ते माझ्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. माझ्याशी थेट एक शब्द नाही. काही सांगायचं असलं की समोर कुणीही असो, "तिला सांगा" म्हणून सुरुवात. मग मीही "त्यांना सांगा" सुरू केलं. दोन घरांत पंधरा पावलांचं अंतर, आणि निरोप शेजारणीच्या तोंडून.

आता काठ्यांचं सांगते. आमच्याकडे उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरत जातं आणि खालची जमीन हळूहळू उघडी पडते. पाण्याच्या कडेला कोवळं गवत येतं. सगळीकडचं रान करपलेलं असताना तेवढाच हिरवा पट्टा दिसतो, आणि जनावरं तिकडे धावतात. पण ती जमीन फसवी. वरचा पापुद्रा उन्हाने वाळतो, भेगा पडतात, माणूस म्हणतो झालं कडक. खाली मात्र पुरुषभर गाळ असतो. म्हणून तात्या दर वर्षी पाण्याच्या मागोमाग खाली उतरायचे, पायाने चाचपत, आणि जिथवर जमीन घट्ट तिथवर निरगुडीच्या काठ्या रोवायचे. प्रत्येक काठीला लाल चिंधी. पाणी मागे हटलं, जमीन आवळली, की काठ्या उपटून पुढे न्यायचे. गाव त्या काठीच्या पुढे जनावर सोडत नाही. त्यांचे वडील हेच करायचे म्हणतात.

मी मात्र चार वर्षं त्या काठ्यांकडे वेगळ्या नजरेने बघत होते. मला वाटायचं, म्हातारा जमीन धरून ठेवतोय. एका साली काठ्या होत्या त्याच तुकड्यात पुढे त्यांच्या सुनेने काकडी लावली. झालं, मला पुरावा मिळाला. रागात असलेल्या माणसाला पुरावा काय, हवा तेवढा सापडतो.

गेल्या वैशाखातली गोष्ट. माझी म्हैस गाभण होती, दहावा महिना लागलेला. ही म्हैस मालकांनी विंझरच्या पाहुण्यांकडून पारडी असताना आणलेली, टेम्पोत तिच्या शेजारी स्वतः बसून. त्यानंतर महिन्याभरात ते गेले. त्यांनी घरात आणलेली ती शेवटची जिवंत गोष्ट. मी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं, आणि हे तिचं पहिलं वेत. माझा सगळा जीव तिच्यात अडकलेला होता, हे मी कुणाजवळ बोलत नसले तरी गावाला दिसत होतं.

सकाळी शेजारीण आली. म्हणाली, तात्यांनी निरोप दिलाय. "तिला सांगा, औंदा पानी लई बिगीनं उतारलंया. वरनं वाळल्यालं दिसतंय, खाली समदा गाळ हाय. ती म्हस जड हाय. काठीच्या म्होरं सोडू नगं म्हनावं. आजून आठ-धा दिस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हशीची काळजी मला शिकवणार? मी म्हणाले, "त्यांना सांग, धरणाची जमीन सरकारची आहे. त्यांच्या काठ्यांचा सातबारा झालेला नाही अजून." शेजारीण बिचारी दोन्हीकडचं ऐकून कंटाळली होती. ती निरोप घेऊन परत गेली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी म्हैस वरच्या रानात नेणार होते. तिथे सावली होती, पाणी होतं. पण त्यांनी जाऊ नको म्हटलं, म्हणून मी गेले. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. पन्नाशीची बाई मी, अंगणवाडीत पोरांना सांगते की हट्ट करू नये.

काठीपाशी पोचले. म्हैस तिथे आपणहून थांबली होती, हे मला नंतर आठवलं. तिने मान खाली घालून जमिनीचा वास घेतला. मी ती काठी उपटली, चिंधीसकट, आणि तिच्याच पुठ्ठ्यावर हाणली. "चल." ती चालली. तीस-चाळीस पावलं काही झालं नाही. मला वाटलं, बघा, म्हणे गाळ.

मग तिचे पुढचे पाय एकदम गेले. गुडघ्यापर्यंत. तिने जोर करून मागचे पाय रेटले, तर तेही गेले. ती उसळी मारायची आणि दर उसळीला आणखी खाली जायची. चार-पाच उसळ्यांत पोट गाळाला टेकलं. मी पुढे धावले तर माझाही पाय पोटरीपर्यंत आत, चप्पल तिथेच राहिली. मी कशीबशी मागे सरकले आणि ओरडले. एवढी ओरडले की वरच्या आळीपर्यंत ऐकू गेलं.

माणसं आली. ट्रॅक्टरवाला आमचा पुतण्या लागतो, तो ट्रॅक्टर घेऊन घट्ट जमिनीच्या कडेपर्यंत आला. दोर होता. दोघांनी गाळावर पेंढा टाकून त्यावर पाय देत जाऊन तो शिंगांना आणि मानेला बांधला. ऊन तापलं होतं. म्हशीच्या नाकपुड्या फेंदारलेल्या, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं होतं. मी म्हणत होते, "ओढ लवकर. अजून खाली जाईल ती."

तेवढ्यात मागून आवाज आला. "तिला सांगा, दोर सोडा म्हनावं. मान तुटंल."

तात्या उभे होते. हातात दोन बादल्या, खांद्यावर गोणपाटं. म्हणजे माझी ओरड ऐकून ते काय झालं असेल ते ओळखून तयारीने आले होते. आणि माझ्या हातात ती काठी होती. लाल चिंधीची. मी ती अजून टाकली नव्हती. त्यांनी काठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की आता हा माणूस सगळ्या गावासमोर माझी अब्रू काढणार, आणि त्याने काढली तर माझ्याकडे बोलायला तोंड नाही.

ते काठीबद्दल काही बोलले नाहीत.

मला तेच जास्त लागलं. मी म्हणाले, "त्यांना सांगा, म्हैस माझी आहे. ओढ रे तू."

ट्रॅक्टर हलला. दोर ताणला. म्हशीची मान पुढे लांब झाली, शरीर तिथल्या तिथे. ती असं हंबरली की मी तसा आवाज कुठल्या जनावराचा ऐकलेला नाही. जीभ बाहेर आली. अंग तसूभरही हललं नाही. पुतण्याने आणखी रेस दिली. तात्या चालत जाऊन ताणलेल्या दोरावर, म्हशीच्या आणि ट्रॅक्टरच्या मधोमध, दोन्ही हात टेकून उभे राहिले. दोर तुटला असता तर त्यांच्या अंगावर आला असता. सत्तरी ओलांडलेला माणूस.

"थांबव," मी म्हणाले. ट्रॅक्टर बंद झाला.

"सोडा दोर," मी म्हणाले. हे शब्द मी घशातून काटा काढावा तसे काढले.

तात्या माझ्याजवळ आले आणि हात पुढे केला. मी काठी दिली. चार वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. "वढलं की गाळ आवळतो. तुला काय वाटतं, गाळानं धरलीया तिला? आपुन वढतूय म्हनून धरतोय त्यो. पानी आन."

"पाणी? चिखलात अजून पाणी?"

"आन म्हनतो न्हवं."

मला ते पटलं नाही. उघड सांगते, अजिबात पटलं नाही. पाण्याने ही दशा झाली आणि वर पाणीच ओता म्हणे. पण माझ्या पटण्याचा निकाल दोराने लावलेला होता. मी बादली उचलली.

गोणपाटं आणि पेंढा पसरून तात्या त्यावर पालथे पडले, पोटावर सरकत म्हशीपर्यंत गेले. गळ्याचा दोर सोडला. आधी तिच्या डोक्यावर ओलं गोणपाट टाकलं, डोळे झाकले. मग मी उपटलेली काठी तिच्या पुढच्या पायाला लागून गाळात खुपसली. गोल गोल फिरवत खाली घातली, वर काढली, आणि म्हणाले, "वत." मी त्या भोकात पाणी ओतलं. काही झालं नाही. पुन्हा काठी, पुन्हा पाणी. पाचव्या की सहाव्या बादलीला आतून भसकन हवा सुटल्याचा आवाज आला आणि म्हशीचा पाय जरासा, वीतभर, सैल झाला. तात्या तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलत होते. "गप. गप माझी बाय. काय करू नगं. गप पडून ऱ्हा."

आम्ही चारही पाय तसे केले. पोटाखालूनही पाणी घातलं. पाण्याच्या कडेपासून बादल्या आणायच्या, दोन माणसं भरायची, मी ओतायची. मध्येच म्हशीने एकदा उसळी मारली आणि सगळं केलेलं काम गाळाने गिळलं. मी रडायला लागले. तात्यांनी मान वर न करता पुन्हा पहिल्या पायापासून काठी घालायला सुरुवात केली. ऊन डोक्यावर आलं. त्यांच्या पाठीचा सदरा वाळून कडक झाला होता, हाताची कातडी सोलली होती. मी म्हणाले, "तात्या, जरा थांबा, पाणी प्या." त्यांनी ऐकलं नाही. माझ्या हातचं पाणी ते पीत नव्हते, हे मी विसरले होते.

मग गोणपाटाचा रुंद पट्टा वळून तो तिच्या पुढच्या पायांमागून छातीखाली घातला. ट्रॅक्टर नाहीच. सहा माणसं दोराला, आणि ओढायचं पुढे नाही, बाजूला. तात्या म्हणाले, "झटका न्हाई द्यायचा. नुसतं धरून ऱ्हायचं. ती सोताहून येईल." आम्ही धरून राहिलो. किती वेळ कोण जाणे. हातांना कळ लागली. आणि मग ती हळूच एका कुशीवर कलली, पोटाखालून गाळाने एक मोठा सुस्कारा टाकला, आणि ती पेंढ्यावरून घसरत, आडवी, घट्ट जमिनीवर आली.

पण उठेना. चारही पाय लाकडासारखे. पुतण्या म्हणाला, बांबू घाला पोटाखाली, उचलू. मीही म्हणाले, उचला. पडून राहिलेली म्हैस मरते हे मला माहीत होतं, आणि पोटातलं रेडकू माझ्या डोळ्यांसमोर होतं. तात्या म्हणाले, "पायात रगत उतरू द्या. मुंग्या आल्यात तिला. आत्ता उभी केली तर पाय मोडंल." त्यांनी मूठभर पेंढा घेतला आणि तिचा मागचा पाय चोळायला बसले. मी दुसरा घेतला. माणसं एकेक करून सावलीला गेली. आम्ही दोघंच राहिलो, मध्ये म्हैस.

मी म्हणाले, "काठी मी उपटली."

"बगितली म्या."

"मग बोलला का नाहीत सगळ्यांसमोर?"

"बोलून म्हस वर आली असती व्हय?"

चोळत राहिलो. मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं आत साठवलेलं तोंडावर आलं. म्हणाले, "जनावरासाठी पोटावर पडलात. पुतण्याच्या चितेला मात्र पाठ दाखवलीत. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

त्यांचे हात थांबले. म्हशीच्या पायाकडे बघत ते म्हणाले, "गेलो न्हवतो म्या. वळनावर करंजाखाली उभा व्हतो. कवटी फुटूस्तवर व्हतो. समदी घरी गेली, मंग आलो." जरा थांबले. "तुमी क्येलं ते मला पटलं न्हाई. आजबी पटत न्हाई. म्या म्हनून सांगतो, उद्या माज्या टायमाला असं काय करू नगा. पन आगीन देताना पोरीचा हात कापला न्हाई, एवडं बगितलं म्या."

  मी पाय चोळत राहिले, आणि माझे डोळे वाहत होते, आणि त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

म्हैस उठली तेव्हा उन्हं कलली होती. आधी पुढचे गुडघे, मग मागचं अंग, एकदा कोसळली, आणि दुसऱ्यांदा उभी राहिली, थरथरत. तात्यांनी काठी पाण्यात धुतली, चिंधी पिळली, आणि मला विचारलं, "कुठनं काढलीस?" मी जागा दाखवली. त्यांनी ती तिथेच रोवली. माझ्या हातची बादली अर्धी भरलेली होती. तिच्यात हात घालून त्यांनी तोंड धुतलं, ओंजळभर प्यायले, आणि घराकडे चालू लागले. उंबऱ्याच्या आत ते अजूनही येत नाहीत. पुढच्या ग्रामसभेत मी बोलायला उठले तेव्हा ते परत दाराबाहेर बघत होते, आणि मी परत चिडले. पण या वर्षी काठ्या रोवायला ते उतरले तेव्हा काठ्यांची मोळी मी धरली होती, त्यांच्या पावलांत पाऊल टाकत. बाईमाणसाने गाळात येऊ नये, यावर जाता-येता वाद चालू होता.

म्हैस गाळातून निघाली त्या संध्याकाळी मी मुलीला फोन केला. म्हैस वाचली ते सांगितलं. तेरा दिवसांनी म्हशीला रेडी झाली, धडधाकट, पण ते पुढचं. त्या संध्याकाळी मी मुलीला हे सांगितलं की तात्या स्मशानातून गेलेच नव्हते, करंजाखाली उभे होते, आणि आपल्याला इतकी वर्षं पत्ता नाही.

 ती म्हणाली, "मला माहीत होतं, आई. मडकं घेऊन फेरे मारताना प्रत्येक फेरीला दिसत होते. ते तिथे दिसत होते म्हणून माझा हात कापला नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस एवढी वर्षं?"

"सांगितलं असतं," ती म्हणाली. "तू ऐकून घेतलं असतंस का?"